आवाजाचा रतीब: हौशी पॉडकास्ट चालतो कसा, आणि तो असतो कोणाचा?

मे महिन्यात रात्री अकराच्या सुमारास नागपुरातल्या महाल भागातल्या आमच्या घरचा कूलर बंद झाला की शेजारचे काका गच्चीवरून हाक मारतात, "काय रे, लाईन गेली का तुमची?" लाईन गेलेली नसते. आम्ही तिघं रेकॉर्डिंगला बसलेलो असतो. एक मित्र ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर बोलतो, दुसरा टीव्हीवरच्या विज्ञानकथा-मालिकांवर, आणि मी आपल्या परिसरात स्वतःच्या हिमतीवर गाणी करणाऱ्या मुलामुलींवर. कुठल्या मोठ्या कंपनीशी त्यांचा करार नाही, गाणी मात्र ऐकण्यासारखी आहेत. काकांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी सरळ विचारलं, "पॉडकास्ट म्हणता, मग यूट्यूबवर काऊन दिसत नाही बाप्पा?"

प्रश्न रास्त आहे. जानेवारी २०२५ मध्ये पंतप्रधान मोदी उद्योजक निखिल कामथ यांच्या पॉडकास्टमध्ये बोलले आणि हा शब्द घरोघरी पोचला. त्याबरोबर एक चित्रही पोचलं: दोन खुर्च्या, दोन माइक, समोर कॅमेरा. या चित्रात चूक काही नाही, पण पॉडकास्टचा गाभा त्यात दिसत नाही. तो कळला नाही तर हौसेने काम करणाऱ्या माणसाची वर्षांची मेहनत एका दिवसात हातची जाऊ शकते. आमची गेली आहे, म्हणून हा लेख.

## बाजार आणि रतीब

दूध दोन तऱ्हांनी मिळतं. रोज दुकानात जायचं, तिथे मांडलेल्या दहा पिशव्यांतून एक निवडायची. नाहीतर रतीब लावायचा: एकदा सांगितलं की दूध आपोआप दारात. यूट्यूब म्हणजे दुकान आहे. तुम्ही आत गेलात की समोर काय मांडायचं ते दुकानदार ठरवतो. पॉडकास्ट म्हणजे रतीब.

हा रतीब ज्या गोष्टीवर चालतो तिला फीड म्हणतात. तिचं तांत्रिक नाव आरएसएस असं आहे. नागपुरात ही अक्षरं उच्चारली की ऐकणाऱ्याला वेगळाच अर्थ लागतो, म्हणून इथे फक्त फीड म्हणतो. फीड ही एक साधी मजकुराची फाईल असते. आमची फीड कुठल्याही टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर वर कार्यक्रमाचं नाव, त्याखाली भाषा मराठी असल्याची खूण, आणि मग प्रत्येक भागासाठी सहा-सात ओळी दिसतात: भागाचं नाव, तारीख, चार वाक्यांची ओळख, आवाजाच्या फाईलचा पत्ता, ती किती बाइटची आहे, कोणत्या प्रकारची आहे. नवा भाग आला की या यादीत वर आणखी सहा-सात ओळी चढतात.

ऐकणाऱ्याच्या फोनमधलं पॉडकास्ट ॲप ठरावीक वेळाने ही यादी वाचतं. नवी नोंद दिसली की फाईल उतरवून घेतं. मध्ये कोणी निवड करणारा नाही, कोणाची परवानगी लागत नाही.

ब्लॉगसाठी वापरल्या जाणाऱ्या फीडमध्ये आवाजाच्या फाईलचा पत्ता जोडायची सोय डेव्ह वायनर यांनी २००० साली केली. 'पॉडकास्टिंग' हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये 'द गार्डियन'मधल्या बेन हॅमर्सली यांच्या लेखात पहिल्यांदा छापून आला. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टची सोय दिली आणि हा प्रकार सर्वदूर पसरला. ही व्यवस्था एका कंपनीने घडवली नाही, म्हणून ती एका कंपनीच्या मुठीतही नाही.

## मग ॲपचं काम काय?

वाचायचं आणि वाजवायचं, एवढंच. ॲपलच्या पॉडकास्ट यादीत तुमची फीड नोंदवली म्हणजे ॲपलला तुमचा पत्ता दिला. आवाजाची फाईल असते तुम्ही ठेवली तिथेच.

याचा पुरावा २०२४ मध्ये मिळाला. त्या वर्षी गूगलने आपलं पॉडकास्ट ॲप बंद केलं. लाखो लोकांच्या फोनमधलं ॲप गेलं, पण त्यात ऐकू येणारे पॉडकास्ट गेले नाहीत. लोकांनी आपल्या फीडची यादी दुसऱ्या ॲपमध्ये नेली आणि ऐकणं पुढे चालू. पेपर टाकणारा मुलगा बदलला म्हणून छापखाना बंद पडत नाही.

मात्र फीडच दुसऱ्याच्या पत्त्यावर असेल तर गोष्ट वेगळी. आम्ही सुरुवातीला एका फुकट सेवेवर सगळं ठेवलं होतं. फाईल त्यांच्याकडे, फीडचा पत्ताही त्यांच्या नावाचा. ती सेवा बंद झाली. फाईल आमच्याकडे होत्या, त्या वाचल्या. पण ऐकणाऱ्यांच्या फोनमध्ये नोंदलेला पत्ता मेला. घर बदललं की पोस्टात जसा नवा पत्ता कळवून ठेवतात, तशी 'कायमचा पत्ताबदल' नावाची सोय इंटरनेटवर असते. ती त्या सेवेने दिलीच नाही. तीसेक नियमित ऐकणारे होते. त्यातले नऊ परत आले.

तेव्हापासून आम्ही एक गोष्ट पक्की धरली आहे. फाईल कुठेही ठेवा, पण फीडचा पत्ता स्वतःच्या डोमेनवर, म्हणजे स्वतःच्या नावाने नोंदवलेल्या वेब-पत्त्यावर घ्या, आणि ते जमत नसेल तर पत्ताबदलाची सोय देणारीच सेवा निवडा. नवशिक्यांनी माइकच्या आधी हे विचारायला हवं, आणि नेमकं हेच कोणी विचारत नाही.

## "पण यूट्यूबवर टाकलं तर लोक तरी ऐकतील"

ऐकतील, आणि टाकावंही. आम्हीही आता एका स्थिर चित्रावर आवाज चढवून तिथे टाकतो. काकांसाठी तेच सोयीचं आहे. फक्त एवढंच की ती दुसऱ्याच्या वाड्यातली भाड्याची खोली आहे. तिथे गाण्याचा एखादा तुकडा यंत्राला ओळखीचा वाटला तर कॉपीराइटचा दावा येतो, भाग अडकू शकतो. खोलीत राहायला हरकत नाही, पण घराचे कागद स्वतःच्या कपाटात असावेत.

## कूलर का बंद करावा लागतो?

रेकॉर्डिंग म्हणजे हवेतल्या कंपनांचं मोजमाप. सीडीच्या दर्जाने रेकॉर्ड करताना संगणक दर सेकंदाला ४४,१०० वेळा ही मोजणी करतो आणि प्रत्येक मोजणी दोन बाइटमध्ये लिहून ठेवतो. एका माइकचं तासभराचं रेकॉर्डिंग सुमारे ३१७ एमबी होतं. एवढं ओझं गावाकडच्या नेटवर कोण उतरवेल? म्हणून एमपी३.

मारबतीच्या मिरवणुकीत ढोल-ताशे जोरात असताना शेजारी उभ्या बाईच्या हातातल्या बांगड्या किणकिणतात, पण तुम्हाला ऐकू येत नाहीत. एमपी३ हेच हेरतं. मोठ्या आवाजाखाली झाकला जाणारा लहान आवाज ते आधी टाकून देतं. बोलण्यासाठी सेकंदाला ६४ हजार बिट (आठ बिटचा एक बाइट) पुरतात, म्हणजे तासाला जेमतेम २९ एमबी. अकरावा हिस्सा, आणि बोलणं स्पष्ट.

आता कूलर. त्याचा घरघराट एकसारखा असतो, म्हणून तो काढून टाकणं सोपं वाटतं. ऑडॅसिटी या सॉफ्टवेअरमध्ये तशी सोयही आहे. सुरुवातीचे काही सेकंद कोणी बोलायचं नाही; तेवढ्यात टिपलेला नुसता घरघराट सॉफ्टवेअरला दाखवायचा आणि सांगायचं, हा वजा कर. आम्ही केलं. घरघर गेली, पण मित्राचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. कारण कूलरचा पंखा जाड-बारीक सगळ्याच पट्ट्यांमध्ये आवाज करतो, माणसाचा आवाजही त्यातल्याच काही पट्ट्यांत असतो. सुकं खोबरं किसताना बोटही किसलं जावं तसं होतं.

उपाय जुनेच आहेत. माइक तोंडाजवळ घ्या. अंतर दुप्पट केलं की माइकपर्यंत पोचणारी आवाजाची तीव्रता चौथ्या हिश्श्यावर येते, खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. भिंतीला गाद्या उभ्या करा, म्हणजे घुमणार नाही. आणि मे महिना असेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा: कूलर बंद, दहा मिनिटं बोलणं, कूलर चालू, वाळ्याच्या टट्टीतून पाणी झिरपायला लागलं की सगळ्यांनी तोंड तिकडे करून बसणं, पुन्हा बंद. घामाचे थेंब टेबलावर पडत असताना रेकॉर्ड केलेले भाग आमचे सगळ्यात चांगले भाग आहेत, असं मला मनापासून वाटतं. तेव्हा कोणी पाल्हाळ लावत नाही.

## सावजी मसाला आणि ओपन सोर्स

ऑडॅसिटी फुकट मिळतं, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते ओपन सोर्स आहे. सावजीचा मसाला घ्या. तयार पुडी विकत मिळते, रस्सा झकास होतो, पण त्यात काय किती आहे हे घराण्याबाहेर जात नाही. बहुतेक सॉफ्टवेअर असंच, पुडीत बांधलेलं. ओपन सोर्समध्ये पुडीबरोबर पाककृतीही मिळते. ती वाचा, तिखट कमी करा, शेजारणीला द्या, बदललेली पाककृतीही वाटा. काही परवान्यांची अट अशी की बदल करून मसाला वाटलात तर नवी पाककृतीही जाहीर करायची. या विचाराची चळवळ रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जाहीर केलेल्या ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर बनवण्याच्या प्रकल्पातून उभी राहिली. 'ओपन सोर्स' हे नाव १९९८ मधलं.

एमपी३ची गोष्टही इथेच जोडली आहे. त्याच्यावर पेटंट होती, म्हणून ऑडॅसिटीत एमपी३ बनवायचा भाग वेगळा शोधून बसवावा लागे. २०१७ मध्ये पेटंटची मुदत सरली, जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने परवाने देणं थांबवलं, आणि पुढे तो भाग सॉफ्टवेअरबरोबरच येऊ लागला. हौशी माणसाचा एक अडथळा कायद्याच्या तारखेने दूर केला.

"पाककृती उघडी असेल तर कोणी विष कालवणार नाही का?" हा आक्षेप खरा आहे, आणि तसं घडलंही. एक्सझेड नावाचं फाईल आवळून लहान करणारं छोटं सॉफ्टवेअर लिनक्स या ओपन सोर्स प्रणालीवर चालणाऱ्या जगातल्या असंख्य यंत्रांत असतं. ते मुख्यतः एकच माणूस हौसेने सांभाळत होता. कोणीतरी टोपणनावाने दोनेक वर्षं मदत करत त्याचा विश्वास मिळवला आणि मग त्यात चोरदरवाजा, म्हणजे दुसऱ्याच्या यंत्रात गुपचूप शिरायची वाट, घातला. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला त्याच्या यंत्रात लॉगइनला अर्धा सेकंद उशीर लागतोय असं जाणवलं. अर्धा सेकंद! तो खोदत गेला आणि चोरदरवाजा सापडला. पाककृती उघडी होती म्हणून त्याला शेवटपर्यंत खोदता आलं. या एका अर्ध्या सेकंदावर आमच्या मित्राने पाऊण तास बोलून दाखवलं आणि आम्ही दोघं मध्ये एकदाही बोललो नाही.

## मालिकेतला तुकडा वाजवला तर?

"३० सेकंदांपर्यंत चालतं" हे मी अनेकांकडून ऐकलं आहे. भारतीय कायद्यात असा सेकंदांचा नियम नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ समीक्षेसाठी किंवा परीक्षणासाठी 'रास्त वापर' करू देतं. रास्त म्हणजे काय ते प्रसंग पाहून ठरतं: किती घेतलं, कशासाठी घेतलं, मूळ मालकाच्या धंद्याला त्याने धक्का लागतो का. एका संवादावर तुम्ही पाच मिनिटं विश्लेषण करत असाल आणि तो संवाद ऐकवलात, तर बाजू मजबूत. शीर्षकगीत नुसतं सजावट म्हणून लावलंत, तर नाही.

आम्ही तुकडे वाजवणं जवळजवळ सोडलंच आहे. १९९८ मध्ये दूरदर्शनवर लागणाऱ्या 'कॅप्टन व्योम'मधलं यान कसं दिसायचं हे शब्दांत सांगायला लागलो तेव्हा कळलं की ऐकणाऱ्याला आपलं यान स्वतः बांधायला आवडतं.

आणि हौशी लोकांनी टिपलेला आवाज किती मोलाचा ठरू शकतो, याचं उदाहरण विज्ञानकथा-मालिकांतच आहे. 'डॉक्टर हू' बीबीसीवर नोव्हेंबर १९६३ मध्ये सुरू झाली. पुढे बीबीसीने तिच्या सुरुवातीच्या अनेक भागांच्या टेप पुसल्या, कारण टेप महाग होत्या आणि पुन्हा वापरता येत. चित्रं गेली. पण घरोघरी काही प्रेक्षकांनी टीव्हीचा आवाज टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवला होता. त्यामुळे चित्र हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज शिल्लक आहे.

## एका गाण्याचे मालक किती?

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून सावकाश सांगतो. गाण्यात किमान दोन हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरा ध्वनिमुद्रणाचा. धर्मपेठेतल्या एखाद्या मुलाने स्वतः लिहून, चाल लावून, स्वतःच्या खर्चाने रेकॉर्ड केलं, तर दोन्ही त्याचे. त्याची परवानगी मिळाली की काम झालं. तो आयपीआरएससारख्या, गीतकार-संगीतकारांच्या वतीने मानधन गोळा करणाऱ्या संस्थेचा सदस्य असेल तर मात्र काही हक्क संस्थेकडे दिलेले असतात. तेवढं विचारून घ्यावं.

एकाने आम्हाला तुकडोजी महाराजांचं एक भजन गिटार आणि खंजिरीवर गाऊन पाठवलं. ऐकून अंगावर काटा आला. "संतांचं भजन आहे, त्याला कसला कॉपीराइट?" असं आम्हीही म्हणालो असतो. तुकाराम महाराजांच्या अभंगांबाबत ते खरं आहे. शब्द सगळ्यांचे आहेत. पण आपल्याकडे लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या रचनेवर त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, आणि ही वर्षं मृत्यूच्या पुढच्या जानेवारीपासून मोजतात. तुकडोजी महाराजांचं महानिर्वाण ऑक्टोबर १९६८ मधलं. हिशेब २०२८ च्या अखेरपर्यंत जातो. गायकाची परवानगी असूनही आम्ही ते भजन थांबवून ठेवलं आहे.

परवानगी लेखी घ्या, मग ती ईमेलवरची दोन वाक्यं का असेनात. कोणतं गाणं, कोणत्या कार्यक्रमात, आणि भाग कायम उपलब्ध राहणार याला मान्यता आहे का, हे त्यात हवंच. रेडिओवर गाणं वाजून संपतं. फीडमधला भाग दहा वर्षांनीही कोणीतरी उतरवतं. काही कलाकार ही कटकट आधीच मिटवतात आणि गाण्याला क्रिएटिव्ह कॉमन्सचा, म्हणजे ठरावीक अटींवर वापरायची सगळ्यांना आधीच मुभा देणारा, परवाना लावतात. त्यात 'नाव द्या' ही मूळ अट, आणि हवी तर आणखी: धंद्यासाठी नको, बदल नको, किंवा बदललंत तर त्याच अटींवर वाटा. 'बदल नको' असेल तर गाण्यावर आपलं बोलणं चढवू नका.

## "मराठीतून हे ऐकणार कोण?"

संख्या थोडीच असते. डाउनलोडचा आकडाही जपून वाचावा; जाहिरात क्षेत्राच्या प्रमाण नियमांत किमान एक मिनिटाएवढी फाईल उतरली तर एक डाउनलोड धरतात, माणसाने ती ऐकली की नाही हे त्यातून कळत नाही.

विषय मराठीत बसत नाहीत, हे मात्र मला मान्य नाही. जयंत नारळीकर जगन्मान्य शास्त्रज्ञ झाले होते तेव्हा, १९७४ मध्ये, त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला विज्ञानकथा पाठवली, तीही नारायण विनायक जगताप या नावाने, म्हणजे कथा नावामुळे नव्हे तर गुणांवर जोखली जावी. बक्षीस मिळालं. कृष्णविवर मराठीत सांगता येतं तर चोरदरवाजाही येतो.

## आमच्या बोलण्याचा परवाना

दुसऱ्यांच्या परवान्यांबद्दल एवढं बोलल्यावर आम्ही आमच्या भागांनाही क्रिएटिव्ह कॉमन्सचा परवाना लावला: नाव द्या, आणि बदललंत तर त्याच अटींवर वाटा. त्यात एक ओळ मुद्दाम आहे, की वाजवलेली गाणी या परवान्यात धरलेली नाहीत. ती आमची नाहीत, ती देण्याचा हक्क आम्हाला नाही.

वर्ध्याच्या एका विद्यार्थिनीने एक्सझेडचा अख्खा भाग ऐकून टाइप केला आणि आम्हाला पाठवला. परवाना वाचला होता, म्हणून विचारलं नाही, असं तिने लिहिलं होतं. तो मजकूर आता फीडमध्ये त्या भागाला जोडलेला आहे. काकूंना कमी ऐकू येतं. काका त्यांना तो मोठ्या अक्षरांत छापून द्यायला घेऊन गेले. परवा संध्याकाळी काकूंनी गच्चीवरून विचारलं की तो चोरदरवाजा घालणारा शेवटी सापडला का. नाही सापडला, मी म्हणालो. पुढच्या भागाचं छापून मिळेल का, हे त्यांनी लगेच विचारलं, आणि त्या भागाचं टाइपिंग मी काल रात्री सुरू केलं.